फौजेचे मनोधैर्य आणि अधिकाऱ्याचे आचरण

रणांगणावरील पराक्रमाच्या कथा आपण मोठ्या आवडीने वाचतो; परंतु तो पराक्रम ज्या मनोधैर्यातून उद्भवतो ते मनोधैर्य कोठे आणि कसे घडते, याचा विचार क्वचितच करतो. सेनापतीच्या ओजस्वी भाषणाने घटकाभर रक्त उसळते हे खरे. पण चार दिवस अर्धपोटी, झोपेवाचून, भर पावसात चिखलात पडून राहिलेला शिपाई पाचव्या दिवशीही आपली जागा सोडीत नाही, याचे कारण त्या भाषणात सापडणार नाही. आपल्यावर हुकूम चालविणारा माणूस आपला शिधा, आपली प्रकृती आणि आपली अब्रू यांची फिकीर बाळगतो, आणि प्रसंग पडला तर आपल्या वाट्याचे हाल तोही सोसतो, हा शिपायाचा नित्याचा अनुभव असला म्हणजेच असे धैर्य टिकते.

हे मर्म आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले होते. सन १६७३ मध्ये चिपळूणजवळ दलवटणे येथे पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात युद्धाच्या गर्जना नाहीत; वैरण आणि दाणा जपून वापरण्याची ताकीद आहे. साठा आताच उधळलात तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग शिपाई कुणब्यांच्या घरात शिरून कोणी दाणा, कोणी भाकरी, कोणी गवत ओढून आणू लागतील, आणि गांजलेल्या रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील, असा कार्यकारणाचा सबंध क्रम तेथे मांडला आहे. रात्री दिवा तसाच जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ही दृष्टी पोचते. दलाची शिस्त अंमलदाराच्या दक्षतेतून उत्पन्न होते, आणि दाणावैरणीची व्यवस्था ढासळली की पाठोपाठ नीतीही ढासळते, हा त्या पत्राचा आशय आहे.

या सिद्धांताची विसाव्या शतकातील सर्वांत मोठी कसोटी ब्रह्मदेशाच्या सीमेवर लागली. १९४२ च्या उन्हाळ्यात जपानी फौजांपुढे सुमारे नऊशे मैल माघार घेऊन ब्रिटिश आणि हिंदी पलटणींचे अवशेष मणिपुरात पोचले, तेव्हा त्यांचे कपडे फाटलेले, प्रकृती खालावलेली आणि आत्मविश्वास पार मावळलेला होता. जंगलातील लढाईत जपानी शिपाई अजिंक्य आहे, ही समजूत सर्वत्र पसरली होती. १९४३ च्या ऑक्टोबरात चौदाव्या सेनेचे आधिपत्य ज्यांच्याकडे आले ते विल्यम स्लिम हे गुरखा पलटणीत वाढलेले अधिकारी होते. गोरखाली आणि उर्दू या भाषांतून ते जवानांशी थेट बोलू शकत. मनोधैर्याला आत्मिक, बौद्धिक आणि भौतिक असे तीन आधार लागतात, अशी त्यांची धारणा होती. कार्याच्या थोरवीवर श्रद्धा हा पहिला आधार; ते कार्य साध्य होण्याजोगे आहे ही खात्री दुसरा; आणि त्यासाठी लागणारी शस्त्रे, अन्न व राहणी आपल्याला शक्य तितकी नीट मिळत आहे हा विश्वास तिसरा.

या विवेचनाहूनही उद्बोधक आहे ती त्यांची कृती. त्या वर्षी हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यसंख्येच्या ८४ टक्के होते, आणि एका जखमी जवानामागे १२० आजारी जवानांना आघाडीवरून मागे न्यावे लागत होते. शत्रूची गोळी लागण्यापूर्वीच सेना विरघळत चालली होती. स्लिम यांनी आजाऱ्यांना हिंदुस्थानातील दूरच्या इस्पितळांत धाडण्याऐवजी आघाडीच्या काही मैल मागेच उपचार केंद्रे उघडविली. त्यामुळे महिनोन्‌महिने गैरहजर राहणारा माणूस काही आठवड्यांत आपल्या पलटणीत परतू लागला. हिवताप टाळण्यासाठी द्यावयाच्या मेपॅक्रिनच्या गोळीविषयी जवानांत नाना वावड्या होत्या, तिने पुरुषत्व जाते असेही बोलले जाई, आणि ती चुकविण्याकडे कल असे. यावर शिपायांना शिक्षा न करता स्लिम यांनी अचानक रक्ततपासणीचा शिरस्ता पाडला; ज्या पलटणीत गोळी घेणाऱ्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांखाली आढळेल, तिच्या प्रमुखाला बडतर्फ करण्याचा नियम केला. असे तीन प्रमुख खरोखरच दूर झाले, आणि बाकीच्यांना जे समजायचे ते समजले. रोगाला डास कारण असला, तरी रोगराईचा जाब अधिकाऱ्याला विचारला गेला.

आघाडीवरील तुकड्यांना रसद कमी पडून अर्ध्या शिध्यावर राहावे लागले की सेनापतीच्या मुख्यालयातही अर्धाच शिधा वाटला जाई. या दंडकामुळे रसद खात्याच्या कामाला केवढी गती येत असेल, हे सांगावयास नको. विमानातून शिधा टाकण्यासाठी रेशमी हवाई छत्र्या मिळेनात, तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या गेल्या. छोट्या गस्ती तुकड्यांना आधी लहान, खात्रीचे विजय मिळवू दिले, पुढे एका जपानी कंपनीवर सबंध ब्रिगेड घालण्यातही संकोच बाळगला नाही, आणि अजिंक्यतेचे भूत असे क्रमाक्रमाने उतरविले. जवानांपुढे बोलताना स्लिम बहुतेक वेळ अन्न, पगार, रजा, टपाल आणि मोहिमेची प्रगती यांविषयी बोलत, आणि मग अखेरीस उच्च ध्येयाचा उल्लेख करीत. ज्याचे घरचे पत्र अडकून पडले आहे त्याला ध्येयवाद शिकविण्यापूर्वी ते पत्र मिळवून द्यावे, ही जाणीव त्यात होती.

या प्रयत्नांचे फळ १९४४ च्या मार्चमध्ये दिसू लागले. उखरूलच्या डोंगराळ भागात सांगशाक या नागा वस्तीपाशी ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडने जपानी फौजेला रोखून धरले, तेव्हा तिच्यासोबत मराठा पलटणीची चौथी बटालियन होती. टेकडीवर पाण्याची टंचाई होती, काटेरी तारेचे कुंपण नव्हते, जमीन खडकाळ असल्याने खंदक खोल खणता येत नव्हते, आणि विमानांनी टाकलेली बरीचशी रसद शत्रूच्या बाजूला पडत होती. तरीही २२ ते २६ मार्चपर्यंत ती टेकडी लढत राहिली. माघारीचा हुकूम आल्यावरच रात्रीच्या अंधारात वाचलेले जवान बाहेर पडले. त्या दिवसांच्या विलंबाने इंफाळ आणि कोहिमा यांच्या बचावाला मोलाची उसंत मिळाली.

याच्या नेमका उलट धडा अवघ्या दोन वर्षांनी मुंबईत मिळाला. कुलाब्याच्या ‘तलवार’ या आरमारी संदेशवहन शिक्षणकेंद्रातील खलाशी निकृष्ट अन्न, गोऱ्यांच्या तुलनेत तुटपुंजा पगार आणि वरिष्ठांची तुच्छतेची वागणूक यांनी त्रासले होते. आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी देश पेटला होता, आणि स्वातंत्र्याच्या आकांक्षेपासून हे तरुण अलिप्त नव्हते. हा राजकीय अंश गौण मानणे अन्यायाचे होईल. परंतु ठिणगी पडली ती केंद्रप्रमुख कमांडर किंग यांच्या जिभेमुळे. त्यांनी खलाशांना जातीवंशावरून शिव्या दिल्या. खलाशांनी नियमानुसार लेखी तक्रारी केल्या. आणि त्या तक्रारींची दाद वेळेवर लागली नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी खलाशांनी अन्न आणि काम दोन्ही नाकारले. पाहता पाहता संप ७८ जहाजांवर आणि सुमारे वीस हजार खलाशांपर्यंत पसरला, गोळीबार झाला, मुंबईच्या रस्त्यांवर शेकडो नागरिकांचे रक्त सांडले, आणि वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेस खलाशांनी शस्त्रे खाली ठेवली. तक्रारीचा कागद दप्तरात पडून राहिल्याची किंमत केवढी मोठी होते, याचे याहून विदारक उदाहरण शोधावे लागणार नाही.

आजच्या भारतीय पलटणींत दरबार भरतो. तेथे जवानाला कमांडिंग ऑफिसरसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडता येते. सुभेदारसाहेब जवान आणि अधिकारी यांच्यामधील दुवा म्हणून वावरतात, आणि घरच्या जमिनीच्या तंट्यापासून मुलाच्या शिक्षणापर्यंतची गाऱ्हाणी त्यांच्यामार्फत वर जातात. ही व्यवस्था उत्तम आहे; पण कोणतीही व्यवस्था ती चालविणाऱ्याच्या वृत्तीपलीकडे उंच जात नाही. ज्या दरबारात जवान गप्प बसतो तेथे सर्व आलबेल आहे असे समजणारा अधिकारी स्वतःची फसवणूक करून घेतो, आणि जो त्या मौनाचे कारण शोधू लागतो तो नेतृत्वाच्या वाटेवर असतो. म्हणून आपल्या मुलांना अधिकारपदासाठी तयार करताना कवायत, नकाशे आणि डावपेच यांच्याइतकेच महत्त्व हाताखालच्या माणसाचे म्हणणे ऐकण्याच्या सवयीला दिले पाहिजे. हुकूम देण्याचा अधिकार सरकार देते. तो हुकूम मनापासून पाळला जावा ही पात्रता मात्र अधिकाऱ्याला रोज, आपल्या आचरणाने, जवानांकडूनच मिळवावी लागते.