क्लच प्लेट अकाली का जळते?

नवी मोटार घेऊन जेमतेम दोन वर्षे झालेली असतात. चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी काही उठत नाही आणि आत जळका वास पसरतो. सर्व्हिस सेंटरमध्ये निदान होते : क्लच प्लेट गेली. नीट हाताळल्यास लाखभर किलोमीटरही टिकू शकणारा हा भाग २५-३० हजारांतच कसा संपला, असे मालकाने विचारले की ‘तुमच्या चालवण्यामुळे’ हे उत्तर ठरलेले असते. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु दर वेळी नाही. त्याचा निवाडा करणारा पुरावा काढलेल्या प्लेटवरच असतो आणि ती प्लेट आपण सहसा पाहतही नाही.

इंजिनबरोबर सतत फिरणारे फ्लायव्हील आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट, या दोहोंमध्ये क्लच प्लेट पकडलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणासाठी काही मिलिमीटर जाडीचे लायनिंग असते. पेडल पूर्ण दाबले की पकड सुटते, पूर्ण सोडले की तिन्ही भाग एकजीव होऊन फिरतात. या दोन्ही अवस्थांत प्लेट जवळजवळ झिजतच नाही. झीज होते ती मधल्या अवस्थेत, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात तेव्हा. गाडी सुरू करताना दीड-दोन सेकंद ही अवस्था अपरिहार्यच असते. प्रश्न येतो तो ती मिनिटभर लांबते तेव्हा.

थोडा हिशेब मांडून पाहू. माणसांसह १,३०० किलो वजनाची लहान मोटार, दहा मीटरला एक मीटर उंची गाठणारा चढ आणि पुढे थांबलेली रांग. चालकाने ब्रेक न लावता पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडी जागच्या जागी धरून ठेवली आणि इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असले, तर क्लचमध्ये साधारण पावणेचार किलोवॅट उष्णता निर्माण होते. न्हाणीघरातील दोन किलोवॅटचे दोन गिझर एका बंद डब्यात चालू ठेवल्यासारखेच हे झाले, आणि त्या डब्यात थंड करायला पाणीही नाही! घाटातली कोंडी, उड्डाणपुलाचा चढ, सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमधून वर येणारा उतरंडीचा रस्ता, ही सारी क्लचच्या कसोटीची ठिकाणे. तिथे गाडी हँडब्रेकवर धरावी, क्लचची पकड जाणवताच ब्रेक सोडावा, हा ड्रायव्हिंग स्कूलमधला जुना धडा आजही तितकाच उपयोगी आहे.

सपाट रस्त्यावरील कोंडीतही सवयी महागात पडतात. पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवला, तरी स्प्रिंगचा दाब थोडा कमी होतो आणि रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उठवण्याची हौस अनेकांना असते. त्यात प्लेट अधिक वेळ घसरते. वास्तविक आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत, विशेषतः डिझेलच्या, सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून ॲक्सिलरेटर न दाबताही गाडी मंदगतीने पुढे सरकते. पुढच्या गाडीशी थोडे अंतर राखले, तर कोंडीतील निम्मे हाफ क्लच वाचते. (ते अंतर भरून काढायला डावीकडून रिक्षा घुसते, हे खरे, पण क्लच प्लेटपेक्षा ते स्वस्त.)

आता चालकाचा दोष नसलेली कारणे. केबलच्या क्लचमध्ये पेडलला वर थोडी मोकळी चाल असावी लागते. लायनिंग झिजते तशी ती कमी होत जाते आणि वेळीच केबल जुळवली नाही, तर क्लच कधीच पूर्ण पकडत नाही. सर्व्हिसिंगमध्ये हे पाहिले जाणे अपेक्षित असते. इंजिनच्या मागील किंवा गिअरबॉक्सच्या पुढील ऑइल सील गळू लागल्यास तेल लायनिंगवर येते. मग कितीही जपून चालवा, प्लेट घसरणारच. सील न बदलता नवी प्लेट बसवली, तर तीही त्याच वाटेने जाते.

काढलेली प्लेट यातले बरेच काही सांगते. लायनिंग दोन्ही बाजूंनी सारखे झिजून रिव्हेटपर्यंत आले असेल आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग, बारीक तडे असतील, तर अतिउष्णतेचा तो पुरावा आहे आणि संशय चालवण्याच्या पद्धतीवरच जातो. लायनिंग जाड, पण काळेकुट्ट व तेलकट असेल, तर गळती शोधावी. एकच बाजू झिजली असल्यास प्लेट शाफ्टवर मोकळी सरकत नसावी. लायनिंग शाबूत असताना मधल्या स्प्रिंगा तुटल्या असतील, तर सदोष भागाची शक्यता तपासून पाहण्यास आग्रह धरावा.

हा आग्रह पैशाचा आहे. क्लच हा झिजणारा भाग मानून वाहन कंपन्या सर्वसाधारण झीज वॉरंटीतून वगळतात. उत्पादनातील दोष मात्र वॉरंटीत येतो. म्हणून गाडी कामाला देतानाच ‘जुने भाग परत हवेत’ असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे, प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील यांची छायाचित्रे काढावीत आणि नकाराचे कारण लेखी मागावे. वाद जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत गेला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवता येते. पण त्यासाठी ती वस्तू हाती असायला हवी. भंगारात गेलेल्या प्लेटची तपासणी कोण करणार?

एएमटी गाडी घेतल्याने या कटकटीतून सुटलो, असे समजणाऱ्यांसाठी एक खुलासा. या गाड्यांत पेडल नसते, क्लच प्लेट असतेच. ती दाबण्याचे काम यंत्रणा करते. चढावर ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी धरून ठेवली, तर ती तशीच जळते.

प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. त्यामुळे प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. बेअरिंगचे थोडे पैसे वाचवले आणि ते सहा महिन्यांनी वाजू लागले, तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची पूर्ण मजुरी द्यावी लागते.