ब्रेकचं पेडल मऊ झालंय? आधी निदान, मग पाना

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की फिटनेस दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. ते एकदा पार पडलं की पुढच्या पाच वर्षांसाठी मालक निर्धास्त. इंडिका, झेन, सँट्रोसारख्या अशा कितीतरी गाड्या आजही रोज रस्त्यावर आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचं ब्रेक पेडल हळूहळू मऊ झालेलं असतं. मालकाला ते जाणवत नाही, कारण पेडलसोबत त्याच्या पायाचीही सवय बदलत जाते. मग कधीतरी मेहुणा गाडी चालवायला बसतो आणि पहिल्याच सिग्नलला ओरडतो, “अरे, ब्रेक आहे कुठे तुझा?”

तिथून सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यातले बरेचसे सल्ले अर्धवट असतात. ते तपासण्याआधी एक साधी गोष्ट पक्की करू. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब आणतो. तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो. पुढे डिस्कचं कॅलिपर आणि मागे ड्रममधला व्हील सिलिंडर त्या दाबावर काम करतात. द्रव दाबून आकसत नाही, हवा आकसते. म्हणूनच ही सगळी यंत्रणा बंदिस्त ठेवलेली असते. तिच्यातलं ऑइल आपोआप कमी होत नाही आणि हवाही आपोआप शिरत नाही.

गैरसमज १: पेडल मऊ म्हणजे हवा शिरली. एअर काढली की झालं.

वस्तुस्थिती: हवा हे एक कारण आहे, एकमेव नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना अडण लावा आणि पायाला काय जाणवतं ते बघा.

पेडल स्पंजासारखं दबतं, उसळतं आणि दोन-तीनदा पंपिंग केलं की वर येतं, तर नळ्यांमध्ये हवा असण्याची शक्यता जास्त. पेडल बरंच खाली जातं पण तिथे पोचल्यावर कडक लागतं, तर आधी मागचे लायनर बघा. ते झिजले किंवा ड्रममधला अॅडजस्टर गंजून जाम झाला की लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढतं, आणि ते भरून काढण्यातच पेडलची अर्धी चाल खर्च होते. इथे चार वेळा एअर काढली तरी काही फरक पडणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तिसरा प्रकार फसवा असतो. पेडल वरच लागतं, पण पाय एकसारखा दाबून धरला की सावकाश खाली सरकत जातं. बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी वॉशर ऑइल अडवत नाहीत, ते मागे निसटतंय. आणि खडबडीत रस्त्यानंतर फक्त पहिला ब्रेक खोल जात असेल आणि दुसरा ठीक लागत असेल, तर पुढच्या चाकांच्या बेअरिंगची ढिलाई तपासा. हलणारी डिस्क पॅडला मागे ढकलते.

गैरसमज २: ऑइल कमी झालंय ना, मग भर टाका.

वस्तुस्थिती: इंजिन ऑइल थोडंफार जळतं, ब्रेक ऑइल जळत नाही. त्याची पातळी दोनच कारणांनी उतरते. एक, डिस्क पॅड झिजतात, कॅलिपरचा दट्ट्या पुढे येतो आणि त्याच्यामागे जास्त ऑइल राहतं. ही घट संथ असते आणि निर्धोक असते, फक्त पॅड तपासायला हवेत. अशा वेळी टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे ढकलला की ऑइल बाहेर सांडतं आणि जिथे पडेल तिथला रंग उडवतं.

दुसरं कारण गळती. चाकांच्या आतल्या बाजूला ओघळ दिसतो का, ते बघा. ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी टोपण बोटाने जरा उचला. आत नुसता दमटपणा असेल तर ठीक, पण थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. ऑइलमध्ये भिजलेले लायनर कितीही पुसले, घासले तरी पुन्हा नीट धरत नाहीत. ते दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

ऑइल घटतंय आणि जमिनीवर एक थेंबही नाही, असंही होतं. तेव्हा मास्टर सिलिंडर आणि बुस्टर (पायाला जोर पुरवणारा भाग) यांचा सांधा तपासा. मागचा वॉशर गळत असेल तर ऑइल थेट बुस्टरच्या पोटात साठत राहतं.

गैरसमज ३: ऑइल स्वच्छ दिसतंय, म्हणजे चांगलं आहे.

वस्तुस्थिती: नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. तो टाकीच्या झाकणातून आणि रबरी होजमधून हळूहळू आत जातो, आणि रंगावरून तो ओळखता येत नाही. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत.

याचा अर्थ घाटात कळतो. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना भरलेली गाडी वरच्या गियरमध्ये ठेवून ब्रेकवरच पाय ठेवला, तर घर्षणाची उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोचते. जुनं, ओलावलेलं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि गावात ठणठणीत असणारं पेडल अचानक खाली जातं. थांबून गार झाल्यावर ते पुन्हा ठीक वाटतं, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल, तर तो प्रकार वेगळा: तिथे ऑइल नव्हे, पॅड किंवा लायनर तापून पकड सोडत असतात. दोन्हींवर पहिला उपाय एकच, घाट खालच्या गियरमध्ये उतरणे.

ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावं. कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीने तर ही मुदत चुकवूच नये. उघडून ठेवलेल्या जुन्या बाटलीतलं उरलेलं ऑइलही वापरू नका.

गैरसमज ४: डॉटचा आकडा मोठा, तर ऑइल चांगलं.

वस्तुस्थिती: डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच रासायनिक कुळातली आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं आणि ते यांच्यात मिसळत नाही. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. सर्वांत वाईट चूक म्हणजे चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतणं. त्याने ब्रेकच्या यंत्रणेतलं रबर फुगतं, आणि मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत रबर असलेलं सगळंच बदलावं लागतं.

गैरसमज ५: पेडल मऊ झालं, बुस्टर गेला असणार.

वस्तुस्थिती: नेमकं उलट. बुस्टर पायाला जोर पुरवतो, त्यामुळे तो बिघडला की पेडल दगडासारखं कडक होतं. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडंसं खाली उतरलं तर बुस्टर शाबूत आहे. हे उतरणं पाहून घाबरून नवा बुस्टर घेणारेही असतात!

गैरसमज ६: पंपिंग केलं की लागतो ना, मग चालतंय.

वस्तुस्थिती: ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पंपिंगला लागणारा वेळ म्हणजे समोरच्या माणसापर्यंतचं अंतर. आज बहुतेक गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात, त्यामुळे एक निकामी झालं तरी काही ब्रेक शिल्लक राहतो. पण शिल्लक ब्रेकवर ऑफिस गाठायचं नसतं. पेडल तळाला टेकत असेल तर गाडी ओढूनच न्या.

गैरसमज ७: एअर काढणं म्हणजे पेडल जोरजोरात मारणं.

वस्तुस्थिती: “मार, मार, मार… धरून ठेव!” हा गॅरेजमधला गजर ओळखीचा आहे. पण जोरात मारलं की हवेचे बुडबुडे फुटून ऑइलभर पसरतात. शिवाय जुन्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात दट्ट्या एरवी जातच नाही, तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल तळापर्यंत नेलं की वॉशर त्यावर घासून फाटतात, आणि सकाळी ठीक असलेला सिलिंडर संध्याकाळी गळायला लागतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला की हे टळतं.

आधी मागचे लायनर सेट करा, मगच एअर काढा. चाकापाशी एअर काढायचं जे निपल असतं, त्याला पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि निपल बंद झाल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. टाकी मध्येच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण कंपनीने वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. सगळं करूनही पेडल मऊच राहिलं, तर कॅलिपरचं निपल वरच्या टोकाला आहे ना, ते बघा. डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल झालं की निपल खाली जातं आणि वर अडकलेली हवा निघतच नाही.

काम झाल्यावर इंजिन सुरू ठेवून अर्धा मिनिट पेडल घट्ट दाबून धरा. ते सरकता कामा नये. मग मोकळ्या जागेत अगदी कमी वेगात ब्रेक लावून बघा आणि दुसऱ्या दिवशी ऑइलची पातळी पुन्हा तपासा. गॅरेजवाल्याने नुसतं “एअर काढली” म्हणून बिल पुढे केलं, तर ती शिरली कुठून, हे विचारा. त्याच्याकडे उत्तर नसेल, तर काम अर्धंच झालंय.