पाणी आटतं, मीठ नाही

आमच्या गटाने खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे पाळायला घेतले आणि पहिल्याच उन्हाळ्यात चुकलो. टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं की आम्ही समुद्राचंच पाणी ओतायचो. मासे सुस्तावले, खाईनात, दोन मेले. मोजलं तर खारटपणा ४१! समुद्राचा साधारण ३५ असतो, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. अहो, आमटी आटली की खारट होते ना, तसंच. वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, क्लोरीन नसलेलं.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवतो ना, ते बघायचं.

आकडा चढला म्हणून एकदम उतरवू नका, माशांना सोसत नाही. थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं सावकाश घालत आम्ही ४१ वरून ३५ वर यायला चार दिवस घेतले. फार उतरला तर समुद्राचं पाणी घाला. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यात समुद्रातले बाकीचे क्षार नसतात. आता टाकीवर पाण्याची रेघ मारून ठेवलीय.