दुर्मीळ आनुवंशिक रक्तस्रावी व्याधी आणि शस्त्रकर्म

सुश्रुताचार्यांनी रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. क्षारसूत्र, दंतनिर्हरण, विद्रधिभेदन करताना आपण त्यांचाच आश्रय घेतो आणि बहुधा यश येते. परंतु स्कंदनाचा एखादा घटक ज्याच्या रक्तात जन्मतःच नाही, त्याच्या बाबतीत हे उपाय अपुरे पडतात. अशा आदिबलप्रवृत्त व्याधींचा विचार येथे करू.

हिमोफिलिया आपणांस परिचित आहे. त्याहून दुर्मीळ व्याधींत घटक ७ ची न्यूनता सुमारे ५ लाखांत एकास, तर घटक १३ ची सुमारे २० लाखांत एकास आढळते. सदोष जनुक माता व पिता या दोघांकडून आल्यासच हे व्याधी तीव्र रूपात प्रकटतात. म्हणून मामेबहिणीशी किंवा अन्य निकट नात्यात विवाह झालेल्या कुटुंबांत त्यांचा संभव अधिक असतो. मुलगा व मुलगी दोघांनाही ते होऊ शकतात.

घटक १३ ची न्यूनता विशेष फसवी आहे. रक्ताची गुठळी बनते, परंतु तिचे तंतू परस्परांशी घट्ट बांधले जात नाहीत. शस्त्रकर्मानंतर रक्त थांबते, रुग्ण घरी जातो आणि २४ ते ३६ तासांनी पुन्हा स्राव सुरू होऊ शकतो. पी.टी. व ए.पी.टी.टी. या नेहमीच्या चाचण्या तर प्राकृत येतात. ग्लान्झमन व्याधीत बिंबिकांची संख्या प्राकृत असते, पण त्यांचे कार्य सदोष असते. याउलट घटक १२ कमी असल्यास ए.पी.टी.टी. पुष्कळ वाढते, तरी रक्तस्राव होत नाही. तात्पर्य, केवळ अहवालावर विसंबू नये, प्रश्नपरीक्षा महत्त्वाची.

शस्त्रकर्मापूर्वी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : जन्मानंतर नाळेच्या जागी रक्त वाहत राहिले होते काय? दात पडताना वा काढल्यावर दुसऱ्या दिवशी रक्त आले काय? रजःस्राव अतिप्रमाणात होतो काय? घरात एखादे मूल रक्तस्रावाने दगावले आहे काय? आईवडील नात्यातील आहेत काय?

एकाही उत्तराने शंका आली तर शस्त्रकर्म, सिरावेध व जलौकावचारण स्थगित ठेवावे; स्नायूत इंजेक्शन देऊ नये. रुग्णास रक्तविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे. मुंबईत परळ येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहीमॅटॉलॉजी संस्था आहे. निदान झाल्यावर न्यून घटक पुरवून शस्त्रकर्म करता येते. घटक १३ रक्तात दीर्घकाळ टिकतो, त्याचा अर्धायुकाल ९ ते १२ दिवसांचा. घटक ७ चा मात्र केवळ ४ ते ६ तासांचा, म्हणून तो पुनःपुन्हा द्यावा लागतो. शुद्ध घटक न मिळाल्यास घटक १३ साठी क्रायोप्रेसिपिटेट वा प्लाझ्मा उपयोगी पडतो. मुख व नासा यांच्या शस्त्रकर्मात ट्रॅनेक्झॅमिक आम्ल तज्ज्ञांच्या सल्ल्याने साहाय्यभूत ठरते.

औषधविक्रेत्या बंधूंनीही दक्ष राहावे. अशा रुग्णास वेदनेसाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅक देऊ नये; लसणाच्या तीव्र मात्रेच्या कॅप्सूलही टाळाव्यात. 

मोचरस, नागकेशर, लोध्र यांवरील आपली श्रद्धा अबाधित आहे. तथापि ही द्रव्ये नसलेला घटक निर्माण करीत नाहीत. असा रुग्ण योग्य वेळी योग्य स्थळी पाठविणे हेही चिकित्सेचेच अंग होय, असे आम्ही मानतो.