शेताची वाट कागदावर आणा



गेल्या साली एका गावी रस्त्याकडेची जमीन प्लॉट पाडणाऱ्या विकासकाने घेतली. लागलीच तारेचे कुंपण पडले. मागच्या शेतकऱ्याची बैलगाडीची जुनी वाट आत सापडली. ऊस तोडणीला आलेला, नि ट्रॅक्टर शेतात जाईना! तो बिचारा आठ महिने विनवण्या करीत राहिला. मजकडे आला तेव्हा जवळचा मार्ग हुकला होता. आता तो दिवाणी कोर्टात खेटे घालतो आहे.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. जमीन विकली गेली तरी तिच्यावरचा दुसऱ्याचा वाटेचा हक्क बुडत नाही. तो नव्या मालकावरही बांधील असतो. मात्र हक्क शाबीत करावा लागतो.

चालू वाट कोणी अडवली, तर मामलेदार कोर्ट कायदा, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करा. मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांचीच आहे. गोड बोलण्यात ती घालवू नका.

वाटच नसेल, तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. अर्जासोबत 7/12, कच्चा नकाशा व लगतच्या खातेदारांची नावे-पत्ते जोडा. निर्णय मान्य नसल्यास अपील आहे, किंवा एक वर्षात दिवाणी दावा करता येतो.

वीस वर्षे उघडपणे, हक्काने व विनाखंड वापरलेल्या वाटेला 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार मिळतो. पण शेजाऱ्याने 'जा बाबा' म्हणून दिलेली परवानगी म्हणजे हक्क नव्हे.

तेव्हा सलोखा आहे तोवरच लेखी करून घ्या. भावांची वाटणी असो की खरेदीखत, त्यात वाटेचा गट नंबर, दिशा व रुंदी लिहा. हक्काची नोंद 7/12 च्या 'इतर हक्क' रकान्यात करून घ्या. स्वतः जमीन विकताना मागच्या तुकड्याची वाट राखून मगच सही करा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो.

बियाणे आपण पेरणीपूर्वी तपासतो ना? मग वाटेचा कागदही कुंपण पडण्यापूर्वीच तपासा.