संथ ठोका

ऑन्टारिओतल्या केंब्रिजहून टोरोंटोला 401 महामार्गाने जेमतेम 100 किलोमीटर. अठराव्या ते चोविसाव्या आठवड्यांत पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला 140 ऐवजी 55 भरले, की अशा गावांमधली वाट टोरोंटोच्या 'सिककिड्स' रुग्णालयाकडे वळते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विजेचा इशारा खाली पोहोचत नाही. खालचे कप्पे आपल्या संथ चालीने चालत राहतात. हा पूर्ण हार्टब्लॉक पंधरा-वीस हजार जन्मांत एखाद्या बाळाला होतो.

आपल्या घरांत लगेच झडती सुरू होते. ग्रहणात बाहेर पडलीस का? काही जड उचललंस का? गावाहून फोनवरही तेच. खरं कारण बहुतेकदा आईच्या रक्तातल्या 'रो' आणि 'ला' या प्रतिपिंडांत असतं. ते वारेतून बाळाकडे जातात आणि काही बाळांच्या हृदयातली विजेची वाट कायमची निकामी करतात. असे प्रतिपिंड असलेल्या शंभर आयांपैकी एखाद-दुसरीच्याच बाळाला हे होतं. अनेकींना तोवर स्वतःला काहीच त्रास नसतो. आपल्याला ल्युपस किंवा शोग्रेनसारखा आजार आहे हे त्यांना बाळाच्या ठोक्यावरून कळतं. त्या बाईला आधी हे खरं कारण सांगायला हवं, औषधांचं बोलणं नंतर.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा किती, यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल मात्र आशा वाटते. एका बाळाला ब्लॉक झाला, की पुढच्याला तो होण्याची शक्यता शेकडा 18 च्या आसपास. 2020 च्या अभ्यासात गरोदरपणाच्या सुरुवातीपासून हे जुनं मलेरियाचं औषध घेतलेल्यांत ती 7.4 वर आली.

कळा सुरू असताना बाळ दमलं का, हे एरवी ठोक्यांवरून ओळखतात. इथे ती खूणच हाती नसते, म्हणून पुष्कळदा सिझेरियन ठरतं. जन्मानंतर ईसीजी, इको, गरज पडली तर ठोके वाढवणाऱ्या आयसोप्रेनालिनचं ड्रिप. ठोके पन्नास-पंचावन्नच्या खाली गेले किंवा हृदय थकू लागलं, तर पेसमेकर.

त्या यंत्राची एक मुळी टोरोंटोतच आहे. 1949 साली विल्फ्रेड बिगेलो शरीर गार करून हृदयाची शस्त्रक्रिया करता येते का, ते कुत्र्यांवर पाहत होते. एका कुत्र्याचं हृदय थांबलं. त्यांनी सळईने टोचलं आणि ते आकुंचन पावलं. पुन्हा टोचलं, पुन्हा पावलं. जॉन कॅलहॅन आणि अभियंता जॉन हॉप्स यांच्यासह त्यांनी त्यावरून 1950 मध्ये शरीराबाहेरचा पेसमेकर घडवला.

नवजाताची छाती इवलीशी, म्हणून तारा हृदयाच्या बाहेरून शिवतात आणि बॅटरी पोटाच्या स्नायूंखाली बसवतात. काही वर्षांनी ती बदलावी लागते. प्रतिपिंड सहा-आठ महिन्यांत ओसरतात, ब्लॉक राहतो. जखम भरून डॉक्टरांनी होकार दिला, की आजी बाळाला पायांवर घेते. तेलाचा हात पोटावरच्या उंचवट्याशी आला की हलका होतो. टाळू मात्र ती नेहमीसारखीच भरते.