बर्फाखालची मासळी आणि पहिला फ्लॅशर

मिनेसोटा हे अमेरिकेच्या अगदी उत्तरेचे, कॅनडाला खेटून असलेले राज्य. दहा एकरांहून मोठी अशी सरोवरेच तेथे ११,८४२ आहेत. मोटारींच्या नंबरपट्टीवर मात्र 'दहा हजार सरोवरे' एवढेच छापतात. आपल्या मालाची मोजदाद कमी करून सांगणारा अमेरिकेतला हा एकच प्रांत असावा! डिसेंबर उजाडला, की यांतली बहुतेक सरोवरे वरून गोठतात. पाणी सर्वांत जड असते ते चार अंश सेल्सिअसला. म्हणून ते तळाशी बसते, त्याहून थंड पाणी वर येते आणि बर्फाचे झाकण वरच्या वर धरते. झाकणाखाली मासे जिवंत असतात, सावकाश हिंडतात, भूक लागली की खातात. आणि वर? वर माणसांची वस्ती होते. लाकडी खोपटी, कापडी तंबू, शेगड्या, थर्मासमधली कॉफी. बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडायचे, त्यात गळ सोडायचा आणि बसायचे.

पण बसायचे कुठे, हाच तर खरा प्रश्न आहे. आपल्या कोकणात रापणीला जाणारी जाणती माणसे पाण्याचा रंग पाहतात, पक्ष्यांच्या घिरट्या पाहतात आणि मासळीचा अंदाज बांधतात. येथे पाण्याचा रंग नाही, पक्षी नाहीत. क्षितिजापर्यंत पांढरे पटांगण. मिनियापोलिसच्या उत्तरेला मिल लॅक्स नावाचे सरोवर आहे. त्याचा विस्तार सव्वा लाख एकरांच्या वर आणि खोली जास्तीत जास्त बेचाळीस फूट. एवढ्या पसाऱ्यात एक भोक पाडून मासा नेमका त्याखाली यावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे शिवाजी पार्कवर डोळे मिटून उभे राहायचे आणि हरवलेला मित्र येऊन भेटेल म्हणून वाट पाहायची!

या अडचणीवरचा तोडगा म्हणजे फ्लॅशर. माझा पुतण्या मिनियापोलिसला नोकरीनिमित्त स्थायिक आहे. आमचे घराणे मालवणकडचे, तेव्हा माशाची ओढ रक्तातच. त्याने पहिला फ्लॅशर घ्यायचे ठरवले, त्या हिवाळ्यात मी तिकडे होतो आणि महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आमच्या सूनबाईंचा हिशेब सरळ होता. "काका, तुम्हीच सांगा यांना. साध्यातले साधे यंत्र म्हटले तरी तीनशे-चारशे डॉलर. तेवढ्यात बाजारातून किती मासे येतील!" हा युक्तिवाद बिनतोड होता. पण गळ टाकणाऱ्या माणसापुढे बिनतोड युक्तिवाद कधी टिकला आहे?

यंत्रामागचे शास्त्र जुने आणि मोठे रंजक आहे. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले. उलट, वीज दिली की स्फटिक थरथरतो आणि आवाज काढतो. १९१२ साली 'टायटॅनिक' हिमनगावर आदळून बुडाली आणि पाण्यात आवाज सोडून हिमनग ओळखता येईल का, याचा शोध जोरात सुरू झाला. १९१४ मध्ये फेसेंडेन या संशोधकाने हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या लांजव्हँने पाणबुड्या हुडकण्यासाठी स्फटिक वापरला. पुढे १९५७ च्या सुमारास कार्ल लॉरन्स या अमेरिकन गृहस्थाने मुलांच्या साथीने हौशी मासेमारांना परवडेल असे छोटे यंत्र बाजारात आणले. बर्फ चुकवण्यासाठी निघालेली विद्या शेवटी बर्फावर बसूनच वापरली जाऊ लागली!

फ्लॅशरचा स्फटिक डबीत बसवलेला असतो. ही डबी वायरीने भोकात सोडायची, ती बर्फाच्या खालच्या कडेच्या जरा खाली लोंबती राहिली पाहिजे. तिच्यातून सेकंदाला दोन लाख कंपनांच्या आसपासचा आवाज खाली जातो. आपल्या कानाला वीस हजारांच्या पुढचे काही ऐकू येत नाही, म्हणून सारे निःशब्द वाटते. थंड गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे चौदाशे मीटर धावतो. चाळीस फुटांवरच्या तळाला शिवून परत यायला त्याला सेकंदाचा साठावा हिस्सा पुरतो. वर घड्याळासारखी गोल तबकडी असते. शून्यापासून फिरत गेले की जेथे जाड तांबडा पट्टा दिसतो, तो तळ. मध्ये कुठे बारीक हिरवी रेघ दिसते, ते आपलेच आमिष. हात हलवला की रेघ हलते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही मोठी जादू वाटते.

मग आणखी एक रेघ उमटते, आपण न सोडलेली. आवाजाचा झोत खाली शंकूसारखा पसरत जातो. मासा त्याच्या कडेला असला तर रेघ हिरवी, मध्याकडे सरकला की नारिंगी, अगदी खाली आला की तांबडी. ही तीन रंगांची भाषा. व्हेक्सिलार, मार्कम, हमिनबर्ड अशा निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे आहेत, पण अक्षरओळख झाली की कोणतेही वाचता येते. आमिष हळूच फूटभर वर उचलावे. खालची रेघ पाठलाग करीत वर आली तर भूक आहे, खाली बसली तर आमिष बदलावे. फ्लॅशर फक्त आत्ताचा क्षण दाखवतो. मघाशी काय झाले, हे त्याला आठवत नाही. पडद्यावर सरकता आलेख काढणारी यंत्रे मागचे दाखवतात आणि काहींना ती बरी वाटतात. पण नवशिक्याने हात आणि रेघ यांचे नाते आधी जुळवावे, असे माझे मत झाले, आणि त्यासाठी ही विसरभोळी तबकडीच चांगली. शिवाय कडाक्याच्या थंडीत तसला पडदा मंदावतो.

दुकानात गेल्यावर विक्रेता सतरा गुण सांगतो. पाहण्याजोगे थोडेच. पहिली गोष्ट झोताचा कोन. नऊ अंशांचा झोत चाळीस फुटांवर सहा-सव्वासहा फूट रुंद होतो. एकोणीस अंशांचा तेथेच तेरा फुटांच्या वर जातो. उथळ पाण्यात रुंद झोत बरा, कारण दहा फुटांवर अरुंद झोत दीड फुटांचाच उरतो. खोल पाण्यात आणि उताराच्या तळावर मात्र अरुंद. कारण असे, की यंत्र झोतातली तळाची सर्वांत जवळची जागा 'तळ' म्हणून दाखवते. उताराच्या खालच्या अंगाला टेकून बसलेला मासा त्या तांबड्या पट्ट्यात लपून जातो. वॉलआय नावाचा तिकडचा लाडका मासा तर तळालाच चिकटून असतो. त्याच्या मागे असणाऱ्याने तळाजवळचे पाच-सहा फूट मोठे करून दाखवण्याची सोय आहे का, ते पाहावे. क्रॅपी मधल्या पाण्यात तरंगतो, त्याला या सोयीची फारशी गरज नाही.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. शनिवारी एकेका जागी वीस-वीस यंत्रे चालू असतात आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या तबकडीवर नाचतो. तो गाळण्याचे बटण हवेच हवे. आवाज वाढवण्याचे बटण सर्वच यंत्रांना असते. ते आपले आमिष जेमतेम हिरवे दिसेल एवढेच ठेवावे. लोक ते उगाच चढवतात आणि मग सारी तबकडी होळीसारखी रंगते.

बॅटरीबद्दल थोडे. शिशाची बारा व्होल्टची बॅटरी स्वस्त, पण जड, आणि थंडीत तिचा दम कमी होतो. लिथियमची हलकी, पण ती गोठणबिंदूखाली चार्ज करायची नाही. घरात आणून ऊब आल्यावरच.

हल्ली मासा चित्रपटासारखा हलताना दाखवणारी, दीड-दोन हजार डॉलरच्या पुढची यंत्रेही निघाली आहेत. चौफेर फिरवून लांबचा थवा शोधता येतो. अशाने सरोवरे रिकामी होतील का, यावर तिकडच्या मासेमारांत कडाक्याचा वाद आहे. पहिल्या खरेदीला त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण नुसती किंमत नव्हे.

यंत्राला मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. पाणी आणि मांस यांत आवाजाला फारसा फरक जाणवत नाही. हवेवर आपटला की तो परततो. ही पिशवीच त्याला पाण्यात तोलून धरते आणि तीच त्याचा ठावठिकाणा सांगते. पण तीस फुटांहून खोलातला क्रॅपी भराभर वर ओढला, की दाब उतरतो, पिशवी फुगते आणि जीव जायला लागतो. 'लहान आहे, सोडून देऊ' म्हणून पाण्यात टाकलेला मासा पोहत गेलेला दिसला, तरी पुष्कळदा वाचत नाही. पूर्वी खोल डोहातला थवा सापडणेच कठीण, म्हणून तो सुरक्षित होता. आता दोन मिनिटांत सापडतो. तेव्हा फ्लॅशरवर पहिल्यांदा वाचायचा आकडा खोलीचा. तेथून काढाल तो मासा खायचाच, हे ठरवून गळ सोडायचा. नाहीतर उथळात जायचे. यासाठी भोकही पाडावे लागत नाही. बर्फ स्वच्छ, बिनबुडबुड्यांचा असेल तर वर थोडे पाणी ओतून डबी त्यावर टेकवली, की खोली कळते.

आणि हे सगळे बर्फ जाड असेल तर! नव्या, काचेसारख्या बर्फाची जाडी चार इंच भरल्याशिवाय त्यावर पायी जाऊ नये, असे तेथले सरकारी खाते बजावते. पांढऱ्या, भुसभुशीत बर्फाला दुप्पट. फ्लॅशर पाण्याची खोली सांगतो, पायांखालच्या बर्फाचा भरवसा देत नाही. ते काम पहारीने ठोकत जाण्याचे. शिवाय गळ्यात दोन टोकदार खिळ्यांच्या मुठी अडकवायच्या, म्हणजे पडल्यास बर्फाच्या कडेत रोवून वर येता येते. सूनबाईंनी या दोन वस्तू आधी आणवल्या, मगच यंत्राला परवानगी दिली.

पुतण्याने अखेर साधा तीनरंगी फ्लॅशर घेतला, तोही जुना, निम्म्या किमतीत. पहिल्या रविवारी एक मासा मिळाला, दुसऱ्या रविवारी शून्य. तिसऱ्या रविवारी सूनबाई स्वतः तबकडीपुढे बसल्या. "छत्तीस फूट आहे इथे. चला, उचला सामान," म्हणाल्या आणि आम्हाला किनाऱ्याकडे, अठरा फुटांवर आणून बसवले. तेथे दुपारपर्यंत चार क्रॅपी मिळाले, पैकी एक अगदी बोटाएवढा होता. तो सोडला. बाकीचे तीन संध्याकाळी तिरफळ घालून, मालवणी पद्धतीने.